बिनअंपायरचा खेळ

आप्पासाहेब : ते सगळं राहू द्या. अंपायर कोण होता, तेवढं सांगा.

कारभारी : तेच सांगतोय साहेब. अंपायर नव्हता.

आप्पासाहेब : आला नव्हता?

कारभारी : आला नव्हता असं नाही. ठेवलेलाच नव्हता.

आप्पासाहेब : कारभारी सर, तुम्ही या कॉलेजात खेळाचे शिक्षक. तासिकेवर का असंना, पण शिक्षक. मी संस्थेचा अध्यक्ष. खाली हॉलमध्ये सोयगावहून गाड्या भरून माणसं येऊन बसलीत. पोरं पुण्याहून कप जिंकून आली म्हणून त्यांनी हार आणलेत. आणि तुम्ही दार लावून मला सांगता, हरलो. बरं, हरलो. हरतात माणसं. आमचंही डिपॉझिट गेलंय एकदा. पण हरवलं कुणी ते तर कळू द्या. त्या अंपायरला फोन लावतो. पुण्यात आपली माणसं हायेत.

कारभारी : फोन लावायला तिथं कुणी नाही साहेब. या फ्रिसबीच्या खेळात तसा दस्तूरच आहे. अंपायर नसतो.

आप्पासाहेब : कबड्डीला असतो. कुस्तीला असतो. लग्नात पंगतीलासुद्धा एक माणूस उभा ठेवावा लागतो, कोण दोनदा बसतंय बघायला. आणि ही मागं उभी हाय ती कोण?

कारभारी : ही तनुजा. टीमची कॅप्टन.

आप्पासाहेब : पोरगी?

कारभारी : मिक्स टीम असते साहेब. पोरं-पोरी एकत्र खेळतात.

आप्पासाहेब : हे मला कुणी बोललं नव्हतं.

तनुजा : तुम्हीच उद्घाटन केलं होतं साहेब. जूनमध्ये. रिबीन कापली, माझ्या हातात ती फ्रिसबीची चकती, डिस्क दिली, म्हणालात, बेटा, नाव काढ.

आप्पासाहेब : मी लई रिबिनी कापतो पोरी. बरं, तू सांग. सर घाबरलेत, त्यांचं एक वाक्य धड बाहेर येईना. अंपायर नसंल तर फाउल झाला हे ठरवतं कोण?

तनुजा : ज्याला लागलं तो हात वर करून सांगतो. मग समोरच्याला विचारायचं, लागलं का तुझ्याकडून? तो हो म्हणाला तर फाउल. नाही म्हणाला तर डिस्क टाकणाऱ्याकडं मागं जाते, परत टाकायची.

आप्पासाहेब : आणि समोरचा खोटं बोलला तर?

तनुजा : बोलू शकतो.

आप्पासाहेब : मग बोलत का नाहीत?

तनुजा : काही बोलतात.

आप्पासाहेब : तिकडं कोर्टात शपथ घालून, हवालदार उभा करून माणसं खरं बोलत नाहीत. आणि तुम्ही उघड्या मैदानात, कुणाच्या जिम्मेदारीशिवाय, एकमेकाला विचारून खेळता. याला खेळ म्हणावं का सत्यनारायण? आणि मग हा टेबलावर ठेवलाय तो कप कसला?

कारभारी : तो स्पिरिटचा साहेब.

आप्पासाहेब : स्पिरिटचा.

कारभारी : दवाखान्यातलं नाही. म्हणजे खिलाडूवृत्ती. प्रत्येक मॅच झाली की समोरची टीम मार्क देते, हे किती नीट वागले, किती खरं खेळले. ज्यांना जास्ती मार्क त्यांना हा कप.

आप्पासाहेब : म्हणजे ज्यांनी आपल्याला पाडलं त्यांनीच आपल्याला कप दिला.

कारभारी : तसं बघितलं तर, हो.

आप्पासाहेब : देणारच की. माझ्यासमोर जो उमेदवार इतका नीट पडंल त्याला मी दर निवडणुकीला कप देईन. वर शाल देईन. मग पेपरात राज्यात पहिले आले असं कसं छापून आलं?

कारभारी : मी ऑफिसात फोन करून एवढंच म्हणालो की कप मिळाला. ऑफिसातनं तुमच्या पीएंना गेलं की टीम जिंकली. पीएंनी पेपरवाल्याला सांगितलं राज्यात पहिली. आणि पुढं बॅनरवर...

तनुजा : बॅनरवर आंतरराष्ट्रीय लिहिलंय.

आप्पासाहेब : ते बॅनरवाल्याकडं तयारच असतं. त्यात माझी काय चूक नाय.

तनुजा : क्रांती चौकात तीन लागलेत साहेब. आमच्या टीमचा फोटो खाली कोपऱ्यात आहे, तिकिटाएवढा. वर सगळा सुदर्शन.

आप्पासाहेब : नातू हाय माझा, वर राहणारच. पुढच्या साली एकवीस पूर्ण होतील त्याला, जिल्हा परिषदेला उभा करायचाय. त्यासाठी तर या खेळात घातला. क्रिकेटात लई गर्दी, कुणी विचारत नाय. म्हटलं नवा खेळ हाय, नावही सुदर्शन, हातात चक्र. ‘सुदर्शनाच्या हाती चक्र’ ही ओळ मला स्वतःला सुचली, गाडीत. तुम्ही लोकांनी त्या ओळीची माती केली. आता नीट सांगा, शेवटी झालं काय?

कारभारी : सेमीफायनलला हरलो साहेब. तिथनं पुढं तिसऱ्या नंबरची मॅच होती, ती पण गेली. पोरं थकलेली.

आप्पासाहेब : सेमीफायनल कशी गेली?

कारभारी : अगदी थोडक्यात.

आप्पासाहेब : थोडक्यात मला कुणी सांगू नका. माझी पहिली निवडणूक थोडक्यात गेली, तिचं पोस्टमॉर्टेम मी सहा महिने केलं. पोरी, तू सांग.

तनुजा : नाशिकची टीम होती. त्यांच्यात दोन जणी अशा पळत होत्या की आमची पोरं बघतच राहायची. तरी शेवटाला बरोबरी आली. वेळ संपली. अशा वेळी एकच पॉइंट खेळतात. जो घेईल तो फायनलला. त्यांनी टाकली, पडली. पडली की समोरच्यांची, म्हणून आमच्याकडं आली. मी बघितलं, आमचा एक जण त्यांच्या पट्ट्याकडं सुटलाय, मागं कुणी नाही. त्या टोकाच्या पट्ट्यात डिस्क झेलली की पॉइंट. मी लांब टाकली. वाऱ्यानं जरा बाहेर नेली. त्यानं उडी मारून एका हातात घेतली.

आप्पासाहेब : पट्ट्यात?

तनुजा : पट्ट्यात.

आप्पासाहेब : म्हणजे जिंकलो.

तनुजा : सगळे तसंच समजले. आमची पोरं आत धावली. त्यांची एक पोरगी, डिस्क सुटल्यावर त्याच्या मागं धावलेली, ती तिथंच गुडघ्यावर हात ठेवून उभी होती. श्वास लागला होता तिला. तिनं त्याला विचारलं, तुझा पाय रेषेवर पडला का? मला नीट दिसलं नाही, तू जवळ होतास, तूच सांग.

आप्पासाहेब : आणि?

तनुजा : त्यानं खाली बघितलं. बुटाच्या टाचेला फक्की लागली होती, रेषेची. रेषेवर पाय म्हणजे बाहेर. म्हणाला, हो, पडला.

आप्पासाहेब : तिनं बघितलं नव्हतं.

तनुजा : नाही.

आप्पासाहेब : दुसऱ्या कुणी बघितलं नव्हतं.

तनुजा : कुणीच नाही.

आप्पासाहेब : कॅमेरा?

तनुजा : नव्हता साहेब.

आप्पासाहेब : आणि ते पोरगं आपल्या तोंडानं म्हणालं, पडला.

तनुजा : हो. मग डिस्क त्यांना मिळाली. चार पासात ते वर गेले आणि मॅच संपली.

आप्पासाहेब : कारभारी सर, पाणी द्या जरा. नाय, तुम्हीच प्या आधी, तुमचा घसा वाळलेला दिसतोय. मला सांगा, तुम्ही तिथं बाहेर उभे होता ना? धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवता आला नाय तुम्हाला?

कारभारी : कोचला आत जायला बंदी आहे साहेब. आणि तो पटकन बोलला.

आप्पासाहेब : पटकन बोलणाऱ्याचं काय होतं ते मी दाखवतो. नाव सांगा त्याचं.

कारभारी : नावाचं काय साहेब, टीमच सगळी...

आप्पासाहेब : टीमला मी काय म्हणत नाय. टीम बिचारी खेळली. त्या एकाचं नाव पाहिजे. आधी सत्कारातनं त्याला बाजूला काढा. शाल नको, नारळ नको. मग प्राचार्यांना सांगून कॉलेजातनं काढतो. असलं एक पोरगं वर्गात राहिलं तर परीक्षेला पर्यवेक्षकाला जाऊन सांगंल, सर, मी शेजारच्याचं बघितलं. मग संस्थेचा निकाल कुठं जाईल?

कारभारी : साहेब, त्यानं फक्त नियम पाळला.

आप्पासाहेब : नियम पाळायला माणसं ठेवलेली असतात. पगार घेतात ते. कुठल्या घरातला हाय?

कारभारी : घर चांगलं आहे साहेब.

आप्पासाहेब : काय चांगलं? बाप काय करतो?

कारभारी : बाप... रस्त्यांची कामं घेतात. पूलबिल.

आप्पासाहेब : ठेकेदार? ठेकेदाराच्या पोटी हे? लोक बघत नाहीत वाटतं पोरांकडं. आणि आजा हयात हाय का?

कारभारी : आहेत. आजोबा समाजकारणात आहेत.

आप्पासाहेब : कोणत्या पक्षात?

तनुजा : बऱ्याच.

आप्पासाहेब : मग मी ओळखत असंन.

कारभारी : चांगलंच ओळखता साहेब.

आप्पासाहेब : त्यालाच बोलवा. आधी त्या आज्याला माझ्यासमोर आणा. तोंडावर विचारतो, बाबा रे, इतकी वर्षं समाजकारणात काढली, घरात नातवाला चार गोष्टी शिकवायला तुला फुरसत मिळाली नाय? कुठं राहतो?

कारभारी : साहेब, ते आज कार्यक्रमाला आलेलेच आहेत.

आप्पासाहेब : मग पाठवा कुणाला तरी खाली. कुठं बसलेत?

कारभारी : साहेब, पाणी घ्या तुम्ही.

आप्पासाहेब : पाणी पाणी काय लावलंय. हे बघा सर, सरळ बोलतो. तुम्ही देवगाव रंगारीहून इथं आलात, किती वर्षं तासिकेवर काढली ते मला माहीत हाय. तुमचा कायम करायचा विषय या आठवड्यात माझ्यासमोर येणार हाय. तुम्ही मला एक नाव द्या, मी तुम्हाला कायम करतो. नाय दिलं तर मैदान मंडपवाल्याला पार्किंगला देतो. खेळ बंद, तुम्ही बंद. आता बोला.

कारभारी : नाही सांगता येत साहेब.

आप्पासाहेब : का?

कारभारी : नाव सांगितलं तरी मी कायम होत नाही, अन् नाही सांगितलं तरी होत नाही. मग कशाला पोराचं नाव तोंडात घ्यायचं.

आप्पासाहेब : हे काय कोडं घालता?

तनुजा : सर, मी सांगते. वो खुद बोलनेवाला था, आपणच अडवलं त्याला सकाळपासून. साहेब, तो सुदर्शन होता.

आप्पासाहेब : कोण सुदर्शन?

तनुजा : बॅनरवरचा.

आप्पासाहेब : आमचा?

तनुजा : तुमचा.

आप्पासाहेब : सर?

कारभारी : हो साहेब.

आप्पासाहेब : आमच्या घरात असं कधी झालेलं नाय.

कारभारी : नाही साहेब.

आप्पासाहेब : माझ्या बापानं बांध कोरला नाय असं मी म्हणणार नाय. मी काय केलं ते तर सगळा तालुका सांगतो. पण उठून कुणी असं, कुणी न बघता... त्याला कुणी शिकवलं हे? तू?

तनुजा : त्याला कोण शिकवणार साहेब? पहिल्या दिवशी आला तेव्हा मागं दोन पोरं होती. एक पाण्याची बाटली धरायला, एक टाळ्या वाजवायला. आम्ही पहाटे मैदानावर असायचो, पोलीस भरतीची पोरं कडेनं पळायची. हा ऊन पडल्यावर बुलेटवर यायचा आणि म्हणायचा, चला, सुरू करा. डिस्क जमिनीवर पडलेली उचलायचा आणि म्हणायचा, झेलली. धक्का मारून म्हणायचा, लागलंच नाही. आता आमच्यात नियम आहे की भांडण झालं तर दोघांनी उभं राहून शांतपणे बोलायचं, बाकीच्यांनी मधे पडायचं नाही. एकदा माझ्याशी इतका वेळ बोलत राहिला की भरतीची पोरं पळून, आंघोळ करून, चहा प्यायला परत आली, आणि हा अजून म्हणतोय, झेलली.

आप्पासाहेब : शाबास. हा आमचा.

तनुजा : टीम म्हणाली, याला काढा नाहीतर आम्ही जातो. मी पण तेच म्हणाले. सर म्हणाले, राहू द्या.

आप्पासाहेब : तुम्ही त्याच्यात काय तरी बघितलं असंल सर.

कारभारी : काही नाही बघितलं साहेब. तुमचा नातू आणि मी तासिकेवर.

आप्पासाहेब : हे बरं बोललात. मग हळूहळू बदलला म्हणा.

तनुजा : कुठं बदलला. पुण्याला पहिल्या मॅचला पण भांडला. आम्हाला लाज वाटली, त्या मॅचचे मार्कही गेले, ते पुढं नाशिकवाल्यांनी भरून दिले. म्हणून तर त्या दिवशी त्यानं झेलली आणि त्या पोरीनं विचारलं, तेव्हा मी डोळेच मिटले. म्हटलं आता हा अर्धा तास सुरू होणार. आणि तो म्हणाला, पडला. मला आधी ऐकूच आलं नाही. कुणीतरी म्हणालं, काय? त्यानं परत सांगितलं.

आप्पासाहेब : दोनदा.

तनुजा : दोनदा. येताना सगळ्या वाटेत गाडीत कुणी त्याच्याशी बोललं नाही. काही रडत होते. मी त्याच्याजवळ जाऊन बसले, विचारलं, का रे? तर म्हणाला, तिनं विचारलं म्हणून. मी म्हटलं, आम्ही काय विचारत नव्हतो? म्हणाला, तुम्ही सांगत होता, की पडली, की लागलं. मला सगळे सांगतातच. नाहीतर मी सांगतो त्याला हो म्हणतात. ती म्हणाली, तूच सांग. ती माझ्याकडे बघून थांबली होती. तिला माहीत पण नव्हतं मी कोण ते.

आप्पासाहेब : फोन लावतो त्याला. बसा दोघं, कुठं जाऊ नका. ... हं, सुदर्शन. कुठं हायेस? ... हॉलमध्ये का नाय? ... पुढं रांगेत खुर्ची ठेवलीय तुझी. ... ऐक. पुण्याला तुझा पाय रेषेवर पडला होता? ... हां, ही पोरगी म्हणाली. ... नाय, ओरडत नाय. विचारतोय. ... किती पडला होता? ... टाच. ... बरं. बरं, ठेव.

कारभारी : काय म्हणाला साहेब?

आप्पासाहेब : पडला म्हणाला. सर, कागद घ्या. घ्या लवकर. पेन हाय का? लिहा. ‘सत्याचा वारसा.’ खाली माझं नाव. पीएला सांगा, बॅनरवाल्याला उठवा, क्रांती चौकातले उतरवून संध्याकाळपर्यंत नवे लावा. माझा फोटो डावीकडं, सुदर्शनचा उजवीकडं, मधे तो पाय. पायाचा फोटो हाय का कुणाकडं? भाषणाला सुरुवात अशी करू, की आज राजकारणात खरं बोलणारा माणूस दिवसा दिवा लावून शोधावा लागतो, पण आमच्या घरात...

तनुजा : साहेब, आत्ताच तुम्ही त्याला कॉलेजातनं काढत होता.

आप्पासाहेब : तेव्हा ते दुसऱ्याचं पोरगं होतं.

कारभारी : वारसा पुढं काय लिहू साहेब?

आप्पासाहेब : ‘आजोबांनी दिला, नातवानं जपला.’ हरण्यात हाय असला फायदा मला जिंकण्यात कधी दिसला नाय. जिंकले असते तर एक दिवसाची बातमी. हे पुढच्या निवडणुकीपर्यंत चालतं. त्या नाशिकच्या पोरीला पण बोलावून घेऊ, तिच्या हातानं सत्कार.

तनुजा : त्याला विचारा की एकदा.

आप्पासाहेब : कुणाला?

तनुजा : सुदर्शनला. स्टेजवर हे सांगू का म्हणून.

आप्पासाहेब : त्याला काय विचारायचं? मी आजा हाय त्याचा.

तनुजा : आहात की. पण बोलला तो होता.

आप्पासाहेब : पोरी, तुझे वडील काय करतात?

तनुजा : वाळूजला कंपनीत आहेत. शिफ्टला. आज नाईट करून आलेत, खाली बसलेत हॉलमध्ये. त्यांना वाटतंय आम्ही जिंकलो.

आप्पासाहेब : तू सांगितलं नाय त्यांना?

तनुजा : रात्री पोचलो तेव्हा ते ड्युटीवर होते. सकाळी परस्पर इकडं आले. तुमचा बॅनर बघितला त्यांनी रस्त्यात. मला खालूनच फोन केला, आवाज इतका खूश होता की माझ्याच्यानं बोलवलं नाही. आता बोलेन. तुमच्याशी बोलून झालं की.

आप्पासाहेब : हं. एक सांग. त्यानं नाय म्हटलं असतं, की पाय पडला नाय, तर पुढं काय झालं असतं? शिक्षा काय?

तनुजा : काही नाही. फायनल खेळलो असतो.

आप्पासाहेब : आणि नंतर कळलं असतं तर?

तनुजा : कसं कळणार? कुणी बघितलंच नव्हतं.

आप्पासाहेब : मग धाक कशाचाच नाय.

तनुजा : नाही साहेब. तेच तर या खेळात कठीण आहे. पळणं-बिळणं जमतं सगळ्यांना.

कारभारी : साहेब, खालून परत फोन आला. पाहुणे कंटाळलेत. सूत्रसंचालकांची शायरी संपली म्हणताहेत.

आप्पासाहेब : संपली तर पहिल्यापासून म्हणा. थांबा. ... हॅलो. सुदर्शन, मी परत. ऐक, हे जे तू केलं, ते मी स्टेजवर सांगणार होतो. लोकांना. ... नाय, शिव्या घालायला नाय, कौतुकानंच. ... हां. ... हां. ... अरे पण त्यात तुझाच... ... हां. ... नाय नाय, विचारायलाच फोन केला. ... बरं. ... बरं म्हणालो ना. ठेव.

कारभारी : साहेब?

आप्पासाहेब : नको म्हणतो.

कारभारी : मग हा कागद?

आप्पासाहेब : फाडा. म्हणतो, आप्पा, तुम्ही ते बोललात तर ते तुमचं होऊन जाईल. आता मी माईकसमोर उभं राहून करू काय? जिंकलो म्हणता येत नाय, का हरलो ते सांगता येत नाय.

तनुजा : चौथे आलो म्हणा. आठ टीमा होत्या, त्यात चौथे.

आप्पासाहेब : आठात चौथे. हे माईकवर कसं म्हणतात?

तनुजा : आत्ता म्हणालात तसंच.

आप्पासाहेब : हार घालून घ्यायचे का तरी?

तनुजा : आणलेत तर घालू द्या. लोक लांबून आलेत.

(कार्यक्रम आटोपला आहे. आप्पासाहेब आणि त्यांचा नातू सुदर्शन गाडीतून घरी निघाले आहेत. सखाराम गाडी चालवतो आहे.)

सुदर्शन : आप्पा, तुम्ही दोन मिनिटांत खाली बसलात.

आप्पासाहेब : तू कुठनं बघितलं? खुर्ची तर रिकामी होती तुझी.

सुदर्शन : मागं दारात उभा होतो. लोक म्हणत होते, साहेबांचं बीपी वाढलं.

आप्पासाहेब : सोयगावच्या दोघांनी येऊन मला गोळी घेतली का विचारलं. तिसरा म्हणाला, साहेब, कमी बोलायचं धोरण कधीपासून?

सुदर्शन : एक जण म्हणत होता, पक्ष बदलताहेत म्हणून गप्प आहेत.

आप्पासाहेब : कोणत्या पक्षात चाललो म्हणाला?

सुदर्शन : ते नाही सांगितलं.

आप्पासाहेब : विचारून घ्यायचं. आपल्यालाही कळलं असतं.

सुदर्शन : आठात चौथे म्हणालात तेव्हा एकानंच टाळी वाजवली. कोण होते ते?

आप्पासाहेब : तुमच्या कॅप्टनचा बाप. रात्रपाळी करून आलेला. डोळे लाल झालेले त्याचे, पण एकटा वाजवत राहिला बराच वेळ. मग बाकीच्यांना वाटलं वाजवायची असते.

सुदर्शन : कारभारी सरांचं काय करणार?

आप्पासाहेब : कायम करणार. या माणसानं माझ्यासमोर बसून, पोटावर पाय येत असताना, तुझं नाव काढलं नाय. असला माणूस पदरी ठेवावा लागतो. बाहेर सोडला तर विरोधकांच्या कामाला लागंल.

सुदर्शन : फक्त म्हणून?

आप्पासाहेब : म्हणून धर. दुसरी कारणं मला सुचायला वेळ लागतो. मैदानही राहू दे म्हणालो मंडपवाल्याला. रागावला. त्याच्या हातात दोन वॉर्ड हायेत.

सुदर्शन : आप्पा.

आप्पासाहेब : हं.

सुदर्शन : मला जिल्हा परिषदेला उभं नाही राहायचं.

आप्पासाहेब : त्या नाशिकच्या पोरीनं हे पण विचारलं का काय?

सुदर्शन : नाही. हे माझं आधीपासूनच आहे.

आप्पासाहेब : आधीपासून म्हणजे?

सुदर्शन : दहावीपासून.

आप्पासाहेब : इतकी वर्षं? आणि मी गावोगाव तुला घेऊन फिरतोय. लोकांच्या पाया पडायला लावतोय. फेटे बांधून घेतोय. एकदा तरी बोलायचं रे.

सुदर्शन : तुम्ही विचारलं नव्हतं.

आप्पासाहेब : तुझ्या बापाला माहीत हाय?

सुदर्शन : त्यांनी पण नाही विचारलं.

आप्पासाहेब : बरं. मग आता विचारतो. काय करायचंय तुला?

सुदर्शन : ते अजून माहीत नाही. खरंच माहीत नाही आप्पा. तुम्ही रागावू नका, पण कधी विचारच केला नव्हता. सगळं ठरलेलंच असायचं.

आप्पासाहेब : रागावत नाय. होईल हळूहळू माहीत. खेळ चालू ठेवणार ना?

सुदर्शन : ठेवीन. पहाटे जायला लागेल मात्र. तनुजा उशिरा आलं की घेत नाही.

आप्पासाहेब : मग पहिल्यापासून सांग. या खेळात काय काय असतं, कोण कोण हायेत तुमच्यात, तू कुठं उभा राहतोस, सगळं. बॅनरवर छापून टाकलं मी, पण मला त्यातलं काय म्हणजे काय माहीत नाय.

सुदर्शन : आत्ता? घर आलंच की.

आप्पासाहेब : सखाराम, जरा हळू घे. बीड बायपासवरनं घाल गाडी, लांबून जाऊ.